धरणाऱ्याचा पाय

३ तारीख, सोमवार

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी आज ही वही दिली. सोबत एक छापील तक्ता. तक्ता त्यांचा, वही माझी. साठीच्या पुढचे जे कोणी अजून शेतात, बागेत कामाला जातात, त्यांची पाहणी चालू आहे. कोण पडतं, कुठे पडतं, कशामुळे पडतं. तक्त्यात रोज खूण करायची. पडलो का, पडता पडता वाचलो का, तेव्हा काय करत होतो. वहीत मनात येईल ते लिहायचं, ती दाखवली नाही तरी चालेल म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाई, माणूस चुकलं तुमचं. पडली ती आत पलंगावर आहे. मी धरणारा."

"धरणारे पडत नाहीत का काका?"

"ते खालीच उभे असतात. पडून पडून कुठे पडणार?"

त्या हसल्या आणि वही ठेवून गेल्या. मी सातवीपर्यंत शिकलो, अक्षर बरं आहे. आणि ही पलंगावर असल्यापासून संध्याकाळी करायला काही नसतं. म्हणून लिहितो.

आज पडलो नाही.

४ तारीख, मंगळवार

धरणारा म्हणजे काय ते काल बाईंना नीट सांगता आलं नाही. लिहून जमतं का बघतो.

बाग संत्र्यांची आहे. मालकाची, आम्ही तोडणीला. तोडणी जोडीने होते. हलकं माणूस शिडीवर चढतं, जड माणूस खाली धरतं. ही हलकी, मी जड. एकतीस हंगाम ही वर आणि मी खाली. घरीही तसंच आहे, असं ही पाहुण्यांना सांगते.

धरायचं ते हातांनी नाही. हात मोकळे लागतात. एका हातात लांब आकडी असते, तिने फांदी ओढून वरच्या माणसाच्या पुढ्यात आणायची. दुसऱ्या हाताने भरलेली झोळी उतरवून घ्यायची. नजर फांदीवर. शिडी धरतो तो पाय. उजवा पाय सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवायचा आणि झाड संपेपर्यंत उचलायचा नाही. वरच्या माणसाला बाजूला झुकायचं असलं की ते आपल्या पायरीवर टाच आपटतं, दोनदा. ती टाच शिडीतून खाली येते आणि तळपायाला कळते. कळली की सगळा भार त्या पायावर टाकायचा. मग वरचं माणूस झुकतं. ओरडायचं नाही. एका ओळीत दहा शिड्या असतात, सगळ्यांनी ओरडायचं ठरवलं तर कोणी कोणाचं ऐकायचं?

नवीन जोड्यांतलं वरचं माणूस टाच मारून जरा थांबतं. ही कधी थांबायची नाही. टाच मारली की झुकलीच. मी खाली असणारच, हे तिने धरून चाललेलं.

त्या दिवशी ओळीतलं शेवटचं झाड होतं, पाण्याच्या चरीला लागून. जमीन ओली होती. मी आकडीने फांदी ओढून धरली होती. फांदी एकदम हलकी झाली आणि ही माझ्या डाव्या बाजूला जमिनीवर होती. शिडी उभी होती, चरीकडे थोडी सरकलेली. माझा पाय पायरीवर तसाच.

मुकादम धावत आला. सगळे विचारतात तेच त्याने आधी विचारलं, "टाच आली होती?"

मी म्हटलं, "नाही आली."

खरं तेच सांगितलं. आली असती तर मला कळलं असतं.

आज पडलो नाही.

६ तारीख, गुरुवार

नर्सबाई हिच्यासाठी आल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, त्यात सळई घातली, त्याला पाच आठवडे झाले. डॉक्टर म्हणतात हाड छान जुळलंय, आता उभं राहायलाच हवं, नाहीतर पाय कायमचे जातील. वॉकर आणून भिंतीला टेकवून ठेवला आहे. सध्या त्यावर टॉवेल वाळतात.

बाईंनी हिचाही तक्ता भरायला घेतला. चष्म्याचा नंबर कधी तपासला? गोळ्या कोणत्या? उठताना चक्कर येते? चपला झिजल्यात का? घाई होती का? ही सगळ्याला नाही नाही म्हणत गेली.

"मग काकू, तुमच्या मते पडलात कशामुळे?"

"विसरले. टाच मारायला विसरले."

"होतं असं एखाद्या वेळी."

"एकतीस वर्षांत नाही झालं ते आता झालं. मला तर अजून वाटतं की मारली होती. म्हणजे बघा, विसरले ते विसरले, वर मारल्यासारखं आठवतंय. असलं डोकं घेऊन उभं कशाला राहायचं? आज टाच विसरले, उद्या पाऊल टाकायला विसरेन."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "नाही आली टाच."

बाईंच्या हातात हिचा पाय होता, म्हणून 'कारण' या रकान्यात मीच लिहिलं. टाच मारायला विसरली. अक्षर चांगलं आलं.

बाईंनी खूप समजावलं, पण ही उभी राहिली नाही. त्या गेल्यावर मी चहा केला. मला साखरेचा आजार आहे, नऊ वर्षं झाली, त्यामुळे माझ्या चहात साखर नसते. हल्ली चवही नसते. चहा पिताना मनात आलं की हिच्याकडे बघून आपल्याला काहीतरी वाटायला पाहिजे. थोडा वेळ बघितलं. मग कप धुतले.

पडलो नाही.

७ तारीख, शुक्रवार

दुपारी ही पलंगाच्या लाकडावर टाच आपटत होती. चांगल्या पायाची. दोनदा. थोडा वेळ जातो, परत दोनदा.

"दुखतंय का?"

"नाही. विसरते का ते बघतेय."

९ तारीख, रविवार

मुलगा आला होता. तो ट्रक चालवतो, आठवड्यातून एकदा घरी उगवतो. सूनबाई बागेच्याच शेडमध्ये फळं निवडायच्या टेबलावर असते. ही पडल्यापासून मी जोडीविना आहे आणि जोडी नसलेल्या धरणाऱ्याला खाली पडलेली फळं वेचायला लावतात. पाच आठवडे तेच करतोय. मुकादम म्हणाला होता, घरचं कोणी असेल तर बघा. तर सूनबाईच म्हणाली, मी चढते.

मुलगा भडकला. "आई पडून पलंगावर आहे, आणि आता हिला चढवताय?"

सूनबाई म्हणाली, "मी काय परक्या माणसाबरोबर चाललेय? बाबा खाली असताना भीती कसली?"

मुलगा हिच्याकडे वळला. त्याला वाटलं, निदान आई तरी नाही म्हणेल. ही म्हणाली, "हे कधी हलले नाहीत रे. एकतीस वर्षांत एकदाही नाही. चूक माझी होती. तिला टाच नीट शिकवते मी, मग जाऊ दे."

मग जेवण होईपर्यंत हिने सूनबाईला पलंगाच्या लाकडावर टाच शिकवली. किती जोरात, मध्ये किती थांबायचं. सूनबाई जमिनीवर बसून फळीवर टाच आपटत होती आणि दोघी हसत होत्या. पडल्यापासून ही पहिल्यांदाच हसली. मुलगा बाहेर जाऊन ट्रक धूत बसला, धुतलेलाच होता तो.

मला बरं वाटलं असावं.

पडलो नाही.

१० तारीख, सोमवार

पहिला दिवस. सूनबाई सरसर चढते, हात हलका आहे, देठ बरोबर ठेवून कापते. नवीन आहे म्हणून टाच मारून थांबते.

तिसऱ्या झाडावर वरून आवाज आला, "बाबा! दोनदा मारली. झोपलात काय?"

आजूबाजूच्या शिड्यांवरची माणसं हसली. मी म्हटलं, "बूट आहेत ना पायात. जोरात मार."

हे बूट मालकाने दोन हंगामांपूर्वी सगळ्यांना दिले. तळ जाड आहे. आतून मऊ आहेत, गादीवर उभं राहिल्यासारखं वाटतं. त्यानंतर सूनबाईने अशी टाच मारली की शिडी खडखडली. मला ऐकू आली. पायाने ऐकली काय, कानाने ऐकली काय, भार टाकल्याशी मतलब.

मुकादम म्हणाला, "काका, जमली की जोडी." घरी येऊन हिला सांगितलं. हिने विचारलं, "टाच बरोबर मारते ना?" मी म्हटलं, "हो. खणखणीत."

"मग बरं झालं," असं म्हणून हिने भिंतीकडे तोंड केलं.

पडलो नाही.

१३ तारीख, गुरुवार

आज माझी तपासणी. बसून उठायचं, एका पायावर उभं राहायचं. एका पायावर मी पाच आकडे मोजेपर्यंत टिकलो. मुकादम तीन आकड्यांवरच डगमगला, त्याचं वय बेचाळीस. बाई त्याला म्हणाल्या, तुम्ही पाहणीत नाही, तुम्ही जा.

मग पाय. काडीला लावलेला नायलॉनचा जाड दोरा असतो, मासे धरायच्या दोरीसारखा. डोळे मिटायचे, बाई तळव्यावर कुठेतरी तो टेकवतात, लागलं की हो म्हणायचं.

पहिल्या दोन वेळा मला काही लागलं नाही, कारण मला वाटलं त्यांनी अजून सुरूच केलं नाही. मग बाई गप्प झाल्या. नर्स गप्प झाली की मला आवडत नाही. त्यांच्या हातात दोन बांगड्या आहेत. दोरा टेकवायला वाकल्या की वाजतात. मग मी बांगडी वाजली की हो म्हणत गेलो.

दहापैकी आठ. बाई खूश झाल्या. "साखर असून छान आहेत काका पाय. गोळी वेळेवर घेता ना?"

"हो," म्हटलं. गोळी मला ही द्यायची. आता आठवण झाली की घेतो.

यात लबाडी आहे, हे कळतं मला. पण पन्नास वर्षं अनवाणी चाललेला तळवा आहे, त्याला दोरा काय लागणार? आणि नापास झालो असतो तर मुकादमाकडे चिठ्ठी जाते, शिडीवरून काढून निवडीच्या टेबलावर बसवतात, सत्तरीच्या बायकांमध्ये. मग सूनबाईला कोण धरणार?

पडलो नाही.

१५ तारीख, शनिवार

गंमतच झाली. सकाळी सूनबाईच्या कात्रीची स्प्रिंग उडाली. दोन जोड्या काम सोडून गवतात शोधत होत्या. सापडली नाही, मुकादमाने दुसरी कात्री दिली.

संध्याकाळी बूट काढला तर स्प्रिंग बुटात. मोजा लाल झालेला, तळव्यात भोक पडलेलं. सकाळपासून तिच्यावर उभा होतो.

सूनबाई घाबरली. पाय धुऊन औषध लावलं. ही पलंगावरून म्हणाली, "अहो, दिवसभर कळलं नाही तुम्हाला?"

"कामात असलं की कळत नाही."

"दुखत नाही?"

"नाही."

ही बराच वेळ माझ्या पायाकडे बघत होती. मग म्हणाली, सोमवारी बूट घालू नका, जखम चिघळेल.

बरोबर आहे तिचं. सगळा घोळ बुटांचाच आहे. अनवाणी उभा राहिलो की टाच पहिल्यासारखी कळेल.

पडलो नाही.

१७ तारीख, सोमवार

पायाला पट्टी बांधून अनवाणी गेलो. पट्टी टाचेकडे आहे, चवडा मोकळा. चवडा पायरीवर.

पहिल्या झाडाला फांदी खालीच होती, आकडी लागली नाही. मान वर करायला सवड होती. सूनबाईचा पाय माझ्या डोळ्यांसमोर, हातभर वर. तिची टाच वर उचलली गेली आणि पायरीवर आपटली. एकदा. परत एकदा. हिने शिकवली होती तशीच, मध्ये तेवढंच थांबून.

माझ्या पायाला काही आलं नाही.

मी भार टाकला. ती झुकली, फळ कापलं, सरळ झाली. परत टाच. परत काही नाही. लाकडाची पायरी, तिच्यावर माझा पाय. मी बघत होतो म्हणून पाय तिथे आहे हे मला माहीत होतं.

दिवसभर मान वर करून टाच बघत राहिलो. आकडी दोनदा चुकली. मुकादम ओरडला, "काका, वर काय बघताय? फांदी बघा!"

घरी आलो. ही टाच आपटत होती.

पडलो नाही.

१८ तारीख, मंगळवार

काल सांगायला हवं होतं. ठरवलं होतं की डोळ्यांनी धरीन. डोळ्यांत तेल घालून टाच बघायची, दिसली की भार टाकायचा. पायाने नाही तर डोळ्याने.

दुपारपर्यंत जमलं. मग चरीकडची झाडं आली. फांद्या दाट, सूनबाईचा पाय पानांत गेला. आकडीने फांदी ओढायची म्हणजे नजर फांदीवर न्यावीच लागते. नेली. फांदी हलकी झाली.

या वेळी मी खाली बघितलं. शिडीचा एक पाय चिखलात सरकला होता. एक वीत लांब ओरखडा पडला होता, ताजा. माझा उजवा पाय पायरीवरच होता. पायरी माझ्या पायाखाली एक वीत सरकली आणि मला कळलं नाही.

सूनबाई वरच्या फांदीला लोंबकळत होती. मी तिचे पाय धरून खाली घेतलं. खरचटलंय, बाकी काही नाही. झोळीतली सगळी फळं चरीत. ती हसत होती.

मुकादमाने विचारलं, "टाच आली होती?"

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मारली मी... म्हणजे मारली असं वाटतंय. घाईत विसरलेही असेन. चूक माझीच, बाबांचं काही नाही त्यात."

मी तिथे उभा होतो. हीच वाक्यं मी इतके आठवडे पलंगावरून ऐकतोय.

मुकादमाला म्हटलं, आज बास, पाय दुखतोय. तेही खोटं. पाय दुखत असता तर आणखी काय हवं होतं.

तक्त्यात 'पडता पडता वाचलात का' याच्यापुढे खूण केली. वाचलो मी नाही, वाचली ती. तसा रकाना नाही.

१९ तारीख, बुधवार

कामावर गेलो नाही. आरोग्य केंद्रात गेलो. नर्सबाईंना म्हटलं, बांगड्या काढा आणि परत करा.

त्यांना आधी कळेना. मग कळलं. बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या.

दहापैकी एक. तोही अंदाजाने.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या. साखरेने पायांच्या शिरा हळूहळू मरतात, दुखत नाही म्हणून माणसाला कळत नाही, ज्यांना कळत नाही तेच पडतात, पाहणीत असे खूप आहेत. "कधीपासून असेल काका? साधारण?"

मी आठवत बसलो. बूट दोन हंगामांपूर्वी आले. मऊ वाटायला लागलं तेही दोन हंगामांपूर्वी. निदान दोन हंगाम ही टाच मारत होती आणि मी सवयीने, अंदाजाने, तिचा झोक बघून भार टाकत होतो. अंदाज एकदा चुकला.

"दोन वर्षं," म्हटलं.

बाईंनी तक्त्यात लिहिलं, दोन्ही पायांना बधिरपणा. फक्त पायच तपासले त्यांनी. बाकीचं तक्त्यात नव्हतं.

मी विचारलं, "हिचा तक्ता आहे का तुमच्याकडे? त्यात कारण मी लिहिलंय. ते चुकलंय."

त्या म्हणाल्या, घरी येईन तेव्हा आणते. आणि मग, "काका, काकूंना आधी तुम्ही सांगा."

२० तारीख, गुरुवार

सकाळी सांगायचं म्हणून पलंगाशी बसलो. सूनबाई आत होती, तिलाही बोलावलं. सगळं सांगितलं. स्प्रिंग, बांगड्या, चरीचा ओरखडा, दहापैकी एक. सूनबाईला म्हटलं, "तू विसरली नव्हतीस. दोन दिवस मी डोळ्यांनी बघितलीय तुझी टाच, एकदाही चुकली नाही." तिने माझ्याकडे बघितलं आणि ती हळूच मागे सरून दाराला टेकली.

ही छताकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी विसरले नव्हते."

"नाही."

"नक्की?"

इथे हो म्हणायचं होतं. पण तेवढंच तर मला माहीत नाही. मी म्हटलं, "मला माहीत नाही ग. मारली असलीस तरी मला कळली नसती. नाही आली असं मी सगळ्यांना सांगितलं, ते सांगायचा मला हक्कच नव्हता. पण तू एकतीस वर्षांत एकदाही विसरली नाहीस. त्याच दिवशी कशाला विसरशील?"

"मी मारली होती," ही म्हणाली. आवाज चढला. "मला आठवत होतं. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते मला आठवतंय म्हणून. आणि तुम्ही त्या बाईसमोर बसून सुंदर अक्षरात लिहिलंत, विसरली."

"हो."

"मी इथे पडून रोज टाच मारून बघतेय. वेडी झालेय का म्हणून. तुम्ही बघत होतात!"

"हो."

"हो काय? काहीतरी बोला की!"

तिने माझा उजवा पाय ओढून पलंगावर घेतला, पट्टी बाजूला केली आणि अंगठ्याचं नख तळव्यात रुतवलं. जोर लावला होता.

"लागतंय?"

"नाही."

तिने परत रुतवलं, दुसरीकडे. मी बघत होतो म्हणून कळत होतं. नंतर तिने नख काढलं आणि तळव्यावर हात तसाच ठेवला, तो किती वेळ ठेवला तेही मी बघूनच सांगतोय. तेव्हा मला लाज वाटली. कित्येक आठवड्यांत काही वाटलं ते हे पहिलं. मग रडूही आलं, थोडंसं.

ती म्हणाली, "जा आता. मला तुमचं तोंड बघायचं नाही आज."

२२ तारीख, शनिवार

ही अजून बोलत नाही. चहा दिला की घेते. पण तीन दिवसांत टाच आपटलेली ऐकली नाही. गोळीची डबी उशाशी ठेवून घेतली आहे, वेळ झाली की वाजवते. मी जाऊन घेतो.

मुकादमाला सांगितलं. तो आधी चिडला, मग घाबरला. म्हणाला, "तुम्हीच असं म्हणालात तर बाकीच्या धरणाऱ्यांचं काय?" नर्सबाईंना बागेत बोलावलं. नऊ धरणारे खोक्यांवर बूट मोजे काढून ओळीने बसले होते, सगळ्यांचे पाय पांढरेफटक. बाईंनी आल्या आल्या बांगड्या काढून पिशवीत टाकल्या आणि माझ्याकडे बघितलं. दोघांना लागलं नाही. त्यातला एक चाळीस वर्षं धरतोय. बाकीचे उठले तरी तो खोक्यावर बसूनच राहिला. मी त्याच्या शेजारी बसलो.

आता टाचेबरोबर तोंडानेही सांगायचं आणि खालच्याने 'आहे' म्हटल्याशिवाय वरच्याने झुकायचं नाही, असं ठरलं. बाग बाजारासारखी वाजणार आहे.

मी सोमवारपासून निवडीच्या टेबलावर. सूनबाईही तिथेच परत. मुलगा म्हणाला, ती शिडीवर चढणार नाही, कोणी का धरेना. ती म्हणाली, ते मी ठरवीन.

पडलो नाही.

२४ तारीख, सोमवार

टेबलावरच्या म्हाताऱ्यांनी मला मधली जागा दिली. म्हणाल्या, "या, बसा. इथून पडायचं म्हटलं तरी पडता येत नाही." त्यांचे हात माझ्या दुप्पट चालतात. संध्याकाळी हिला ते सांगितलं. हसली नाही, पण ऐकलं.

२५ तारीख, मंगळवार

नर्सबाई हिचा तक्ता घेऊन आल्या. 'कारण' रकान्यातली माझी ओळ मी खोडली आणि खाली लिहिलं. धरणाऱ्याच्या पायाला कळत नव्हतं, दोन वर्षं. त्याने सांगितलं नाही. तेवढ्या जागेत मावत नव्हतं, अक्षर बारीक आणि वाकडं आलं.

हिने तक्ता मागून घेतला. चष्मा लावून वाचला, परत दिला. मग म्हणाली, "त्या वॉकरवरचे टॉवेल काढा."

मी काढले. वॉकर पलंगाशी आणला. ती कडेला सरकून बसली, पाय खाली सोडले. मी सवयीने पुढे झालो, वॉकर धरायला.

"तुम्ही नका धरू," ती म्हणाली. रागाने नाही, साधं. "ती धरेल. तुम्ही समोर बसा आणि माझ्या पायांकडे बघा. डोळे चांगले आहेत तुमचे."

मी खुर्ची घेऊन समोर बसलो. सूनबाई तिच्या बाजूला उभी राहिली, एक हात कमरेला, एक हात वॉकरला. नर्सबाई मागे. ही उठली. हात पांढरे पडले होते, तोंड वाकडं झालं होतं, पण उठली. उभी राहिली. जवळजवळ आठ आठवड्यांनी मी तिला उभी बघितली, आणि ती मला आठवत होती त्यापेक्षा लहान वाटली.

पाऊल टाकायच्या आधी तिने चांगल्या पायाची टाच फरशीवर आपटली. दोनदा. मला ऐकू आली.

ती थांबली. एकतीस वर्षांत कधी थांबली नव्हती.

"आहे मी," सूनबाई म्हणाली.

मग ही चालली. दारापर्यंत सात पावलं, परत येताना नऊ. प्रत्येक पाऊल मी बघितलं.

आज कोणी पडलं नाही.